मुकुट हुकलेला ड्यूक

(पंधराव्या शतकात युरोपातील एका बलाढ्य सरदाराने आपल्या राजाविरुद्ध बंड केले. स्वतः राजा व्हावे, अशी त्याची इच्छा होती. त्याच्याविरुद्ध शेजारची राज्ये, व्यापारी शहरे आणि डोंगरातले शेतकरी एकत्र आले. त्या लढ्याची हकिकत या पाठात सांगितली आहे. दिलेला शब्द मोडला तर काय होते आणि दुसऱ्याच्या जिवावर युद्ध कोण करतो, याचा पाठ वाचताना विचार करा.)

विद्यार्थी मित्रांनो, दास्तान-ए-अमीर हमजामधील गोष्टी तुम्ही उर्दूत वाचल्या असतील किंवा घरातल्या मोठ्या माणसांकडून ऐकल्या असतील. अशा गोष्टींत सरदार आपल्या बादशहावर उलटतात, शेजारचे राजे हातमिळवणी करतात, किल्ल्यांना वेढे पडतात आणि फितुरी होते. त्या गोष्टी कल्पनेच्या जगातल्या आहेत. पण आज तुम्ही जी गोष्ट वाचणार आहात, ती खरोखर घडलेली आहे. तिच्यात जादूगार नाहीत, परी नाही. तरीही ती वाचताना तुम्हांला एखाद्या दास्तानीची आठवण होईल.

प्रथम एका शब्दाचा अर्थ समजून घेऊ. ड्यूक म्हणजे काय? जुन्या युरोपात राजाच्या खालोखाल मान असलेल्या मोठ्या सरदाराला ड्यूक म्हणत. राजा त्याला मुलूख देई. त्याच्या बदल्यात ड्यूकने राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यायची आणि युद्धाच्या वेळी आपली फौज घेऊन राजाच्या मदतीला जायचे, असा रिवाज होता. ही शपथ मोडणारा तो बंडखोर. उर्दूत आपण त्याला बागी म्हणतो.

फ्रान्सच्या पूर्वेला बर्गंडी नावाचा प्रांत आहे. इ. स. १३६३ मध्ये फ्रान्सचा राजा जॉन याने हा प्रांत आपला धाकटा मुलगा फिलिप याला दिला. त्या वेळी ती एक जहागीरच होती. पण फिलिप आणि त्याच्या वंशजांनी कधी लग्नसंबंध जोडून, कधी वारशाने, कधी पैसे मोजून, तर कधी लढाई करून आपला मुलूख वाढवत नेला. फ्लँडर्स, ब्राबांट, हॉलंड, लक्झेंबर्ग हे प्रदेश त्यांच्या हाती आले. आजच्या बेल्जियम व नेदरलँड्स या देशांचा बराचसा भाग त्यात येतो. गेंट आणि ब्रूज ही तिथली शहरे कापडाच्या व्यापाराने श्रीमंत झाली होती. या शहरांच्या करामुळे ड्यूकचा खजिना भरलेला असे. युरोपातील अनेक राजांपेक्षा बर्गंडीचा ड्यूक श्रीमंत होता. पण त्याच्या डोक्यावर मुकुट नव्हता.

आता युरोपचा नकाशा समोर ठेवा. बर्गंडीचे दोन तुकडे तुम्हांला दिसतील. एक तुकडा दक्षिणेला, तो म्हणजे खुद्द बर्गंडी. तिथे दिजाँ हे शहर आहे. दुसरा तुकडा उत्तरेला समुद्रापर्यंत पसरलेला. मध्ये लोरेन आणि अल्सास हे दुसऱ्यांचे मुलूख. समजा, तुमच्या घराच्या दोन खोल्या आहेत. पण त्यांच्या मधली खोली शेजाऱ्याची आहे. एका खोलीतून दुसरीत जायचे तर दर वेळी शेजाऱ्याची परवानगी घ्यावी लागेल. बर्गंडीच्या ड्यूकची अशीच अडचण होती. ही मधली खोली आपल्याला मिळावी, असे त्याला वाटू लागले. पुढच्या साऱ्या युद्धाचे मूळ या नकाशात आहे.

आपल्या गोष्टीतील ड्यूकचे नाव चार्ल्स. त्याचा जन्म १० नोव्हेंबर १४३३ रोजी दिजाँ येथे झाला. इतिहासात तो 'धाडसी चार्ल्स' म्हणून ओळखला जातो. तो आळशी किंवा चैनी नव्हता. कामाचा त्याला मोठा उरक होता. त्याला संगीताची आवड होती. सिकंदर आणि हॅनिबल यांच्या पराक्रमाच्या कथा तो वाचून घेत असे. फौजेची शिस्त, पगार आणि हत्यारे यांविषयी त्याने बारीकसारीक नियम तयार केले. अशा माणसाने मोठे काम करून दाखवावे, असे कोणालाही वाटेल. पण चार्ल्समध्ये दोन मोठे दोष होते. त्याला राग फार लवकर येई, आणि एकदा मनात आले की तो कोणाचेही ऐकत नसे.

फ्रान्सचा राजा अकरावा लुई हा चार्ल्सच्या अगदी उलट होता. तो साधे कपडे घाली. लढाईपेक्षा पत्रे, दूत आणि पैसा यांवर त्याचा अधिक विश्वास होता. त्याची कारस्थाने चहूकडे पसरलेली असत. म्हणून लोक त्याला 'कोळी' म्हणत. जाळे विणून स्वस्थ बसणारा कोळी. गंमत अशी, की लुई राजपुत्र असताना त्याने स्वतःच आपल्या बापाविरुद्ध बंड केले होते. इ. स. १४५६ मध्ये तो पळून आला, तेव्हा चार्ल्सच्या वडिलांनीच त्याला पाच वर्षे आश्रय दिला होता. इ. स. १४६१ मध्ये तो राजा झाला आणि ज्यांचे मीठ खाल्ले, त्यांचाच मुलूख परत मिळवण्याच्या खटपटीस लागला.

इ. स. १४६५ मध्ये फ्रान्समधील बड्या सरदारांनी लुईविरुद्ध बंड पुकारले. चार्ल्स त्यांत पुढे होता. या सरदारांनी आपल्या संघाला 'लोककल्याणाचा संघ' असे नाव दिले होते. पण त्यांना लोकांपेक्षा स्वतःच्या जहागिरींची काळजी अधिक होती. मोंलेरी येथे १६ जुलै १४६५ रोजी लढाई झाली. शेवटी राजाला तह करावा लागला आणि सोम नदीकाठची काही शहरे चार्ल्सच्या पदरात पडली. दोन वर्षांनी वडील वारले आणि चार्ल्स ड्यूक झाला. पहिले बंड यशस्वी झाल्यामुळे त्याचा आत्मविश्वास वाढला होता.

ऑक्टोबर १४६८ मध्ये राजा लुई बोलणी करण्यासाठी पेरॉन येथे चार्ल्सच्या वाड्यात आला. त्याच्याबरोबर थोडेच लोक होते. राजाच्या जिवाला धोका होणार नाही, असे लेखी वचन चार्ल्सने दिले होते. तेवढ्यात बातमी आली, की लिएज शहराने चार्ल्सच्या बाजूच्या बिशपविरुद्ध उठाव केला आहे आणि त्याला लुईच्या माणसांची फूस आहे. चार्ल्स रागाने लाल झाला. त्याने वाड्याचे दरवाजे बंद केले. राजा अक्षरशः कैदी झाला. चार्ल्सच्या अटी मान्य करून लुईने सुटका करून घेतली. पण त्याआधी त्याला चार्ल्सबरोबर लिएजला जावे लागले. ज्या शहराला त्याने चिथावले होते, त्याचीच लूट व जाळपोळ त्याला उभे राहून पाहावी लागली. या प्रसंगी दोघेही खोटे ठरले. राजाने शहराला फूस देऊन वाऱ्यावर सोडले, तर ड्यूकने पाहुण्याला दिलेले वचन मोडले.

यानंतर चार्ल्सची मजल पुढे गेली. आपण फ्रान्सच्या राजाचे ताबेदार नाही, असे त्याने इ. स. १४७१ मध्ये जाहीर केले. आता त्याला राजा हा किताब हवा होता. तो देण्याचा अधिकार जर्मन सम्राट तिसरा फ्रेडरिक याच्याकडे होता. सम्राटाच्या मुलाला चार्ल्सची एकुलती एक मुलगी मेरी हवी होती आणि चार्ल्सला मुकुट हवा होता. त्यासाठी इ. स. १४७३ च्या शरद ऋतूत दोघांची ट्रिअर शहरात भेट झाली. चार्ल्स एवढा थाटमाट घेऊन आला, की सम्राटाचा दरबार त्याच्यापुढे फिका पडला. राज्याभिषेकाची तयारी सुरू झाली. पण २५ नोव्हेंबरला पहाटेच सम्राट नावेत बसून निघून गेला. मुकुट अगदी हाताशी आला आणि निसटला. साऱ्या युरोपात चार्ल्सचे हसे झाले.

आता त्या मधल्या खोलीकडे वळू. ऑस्ट्रियाचा ड्यूक सिगिसमंड याला पैशांची नड होती. त्याने इ. स. १४६९ मध्ये वरच्या अल्सासमधील आपला मुलूख ५०,००० सोन्याच्या नाण्यांना चार्ल्सकडे गहाण ठेवला होता. तिथे चार्ल्सने पीटर फॉन हागेनबाख नावाचा सुभेदार नेमला. हा सुभेदार मोठा जुलमी निघाला. त्याने नवे कर बसवले आणि विरोध करणाऱ्यांना ठार मारले. त्याच्या शिपायांनी गोरगरिबांना छळले. अखेर लोक उठले आणि त्यांनी त्याला पकडले. ९ मे १४७४ रोजी ब्रायझाख येथे त्याच्यावर खटला चालला. निरनिराळ्या शहरांतून आलेले न्यायाधीश बसले होते. "मी माझ्या धन्याच्या हुकमाप्रमाणे वागलो," असा बचाव त्याच्या वतीने करण्यात आला. न्यायाधीशांनी तो मानला नाही. त्याला देहान्ताची शिक्षा झाली. वरिष्ठाचा हुकूम होता म्हणून जुलमाचा दोष पुसला जात नाही, हे तत्त्व आज जगभर मान्य झाले आहे. त्याची चर्चा करताना कायद्याचे अभ्यासक अजूनही या जुन्या खटल्याची आठवण काढतात.

हागेनबाखचा जुलूम पाहून शेजारी सावध झाले. त्यांत स्विस लोकही होते. स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात तेव्हा आठ प्रांतांचा संघ होता. त्यांना राजा नव्हता. बर्न, झ्यूरिक, लुसर्न यांसारखी शहरे आणि डोंगरातले शेतकरी आपला कारभार स्वतः पाहत. सिगिसमंडच्या घराण्याशी त्यांचे दीडशे वर्षांहून अधिक काळचे वैर होते. पण इ. स. १४७४ मध्ये हे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैरी एका बाजूला आले. त्यांनी कायमचा तह केला. अल्सासमधील स्ट्रासबर्ग, कोलमार आणि ऱ्हाईनकाठचे बाझेल ही शहरे त्यांना मिळाली. पुढे लोरेनचा तरुण ड्यूक रेने हाही आला. राजा लुईने स्विस लोकांना दरवर्षी पैसे देण्याचे कबूल केले. कोळ्याचे जाळे पूर्ण झाले. चार्ल्सच्या भीतीने त्याच्या शत्रूंना एकत्र आणले होते.

चार्ल्सने मात्र त्या वेळी भलतीकडेच लक्ष घातले. जुलै १४७४ मध्ये त्याने ऱ्हाईन नदीकाठच्या नॉइस या शहराला वेढा घातला. शहर घेण्यासाठी त्याने शिकस्त केली. सुमारे अकरा महिने गेले, पण शहर पडले नाही. याच काळात इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड फौज घेऊन फ्रान्सवर चालून येणार होता. तो चार्ल्सच्या बायकोचा भाऊ होता. दोघांनी मिळून लुईवर हल्ला करायचा, असे ठरले होते. एडवर्ड आला, तेव्हा चार्ल्सची फौज नॉइसच्या वेढ्याने थकून गेली होती. लुईने संधी साधली. त्याने एडवर्डला ७५,००० सोन्याची नाणी रोख दिली आणि शिवाय दरवर्षी ५०,००० देण्याचे कबूल केले. ऑगस्ट १४७५ मध्ये इंग्लंडची फौज न लढताच परत फिरली.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. सप्टेंबर १४७५ मध्ये लुईने चार्ल्सशी नऊ वर्षांचा तह केला. नोव्हेंबरमध्ये सम्राटानेही त्याच्याशी समेट केला. युद्धाची आग पेटवणारे मोठे राजे असे बाजूला झाले. मागे राहिले ते स्विस शेतकरी, अल्सासची शहरे आणि रेने. त्याच महिन्यात चार्ल्सने रेनेची राजधानी नान्सी जिंकली. मधली खोली त्याच्या ताब्यात आली. चार्ल्स इथेच थांबला असता, तर त्याचे राज्य कदाचित टिकले असते. पण स्विस लोकांना धडा शिकवायचाच, असा त्याने हट्ट धरला.

फेब्रुवारी १४७६ मध्ये चार्ल्सने ग्रांसाँ या गावाला वेढा दिला. किल्ल्यात बर्नचे सुमारे ४०० शिपाई होते. ते शरण आले. आपला जीव वाचेल, या आशेने त्यांनी दरवाजे उघडले होते. पण चार्ल्सने त्या सर्वांना फाशी दिले किंवा तळ्यात बुडवले. शरण आलेल्याला मारणे हा शूराचा धर्म नव्हे. ही बातमी डोंगरात पोहोचली. आता शरण जाण्यात अर्थ नाही, हे प्रत्येक स्विस माणसाला कळले. शत्रूला भीती दाखवायला गेलेल्या चार्ल्सने उलट त्याची भीतीच काढून टाकली.

२ मार्च १४७६ रोजी स्विस फौज आली. तिच्याकडे घोडदळ थोडे होते. पायदळाच्या हातांत पाच मीटरांहून लांब भाले होते. हजारो माणसे खांद्याला खांदा लावून चालत, तेव्हा समोरून काटेरी रानच सरकत येत आहे असे वाटे. लढाईपूर्वी हे लोक गुडघे टेकून प्रार्थनेला बसले. ते दयेची भीक मागत आहेत असे बर्गंडीच्या लोकांना वाटले, अशी कथा सांगतात. लढाईत चार्ल्सने आपल्या काही तुकड्यांना जागा बदलण्यासाठी मागे घेतले. तेवढ्यात स्विस फौजेचा दुसरा भाग समोर आला. मागच्या शिपायांना वाटले, आपले लोक पळत आहेत. एकच गोंधळ उडाला आणि सारी फौज पळत सुटली. माणसे फारशी मेली नाहीत. पण तोफा, तंबू, जडजवाहीर आणि सोन्याचांदीची भांडी असा अफाट खजिना स्विस लोकांच्या हाती लागला.

साडेतीन महिन्यांतच चार्ल्स नवी फौज घेऊन पुन्हा आला. या वेळी त्याने मोरा या तळ्याकाठच्या गावाला वेढा घातला. आद्रियान फॉन बुबेनबर्ग या किल्लेदाराने थोड्या लोकांनिशी गाव झुंजवत ठेवले. तोवर दोस्तांच्या फौजा जमल्या. आपला मुलूख गमावलेला रेनेही घोडेस्वार घेऊन आला. २२ जून १४७६ चा दिवस होता. सकाळपासून पाऊस पडत होता. आज शत्रू येत नाही असे समजून चार्ल्सने फौजेला विश्रांती दिली. तेवढ्यात पाऊस थांबला आणि रानातून दोस्तांची फौज बाहेर पडली. पुढे शत्रू आणि मागे तळे, अशा कात्रीत बर्गंडीची फौज सापडली. हजारो माणसे मारली गेली, कित्येक तळ्यात बुडाली. शरण येणाऱ्यांनाही कोणी सोडले नाही. ग्रांसाँचा सूड घेण्यात आला होता. जुलमाविरुद्ध लढणारे लोकही विजयाच्या क्षणी किती कठोर होऊ शकतात, हे इथे दिसते. ते विसरता कामा नये.

चार्ल्सने आपल्या प्रांतांकडे पुन्हा पैसा आणि माणसे मागितली. पण लोक करांना आणि युद्धांना कंटाळले होते. फ्लँडर्सच्या शहरांनी नकार दिला. तिकडे ऑक्टोबरमध्ये रेनेने नान्सी परत घेतली. चार्ल्सने भर थंडीत नान्सीला वेढा घातला. त्याचे शिपाई थंडीने गारठून मरू लागले. मागे फिरा, असे त्याला सांगण्यात आले. पण त्याने ऐकले नाही. ५ जानेवारी १४७७ रोजी रेने मोठी फौज घेऊन आला. तीत हजारो स्विस लोक होते. त्याआधीच चार्ल्सचा एक सेनापती, कांपोबास्सो, फितूर होऊन शत्रूला मिळाला होता. बर्फ पडत असताना लढाई झाली आणि लवकरच संपली. ड्यूक कुठे आहे, हे कोणालाच माहीत नव्हते. दोन दिवसांनी गोठलेल्या डबक्यात एक प्रेत सापडले. अंगावर कपडेसुद्धा नव्हते. त्याच्या नोकरांनी जुन्या जखमांच्या खुणांवरून त्याला ओळखले. तो धाडसी चार्ल्स होता. रेनेने मात्र मोठेपणा दाखवला. ज्याने आपला मुलूख हिरावला होता, त्या शत्रूचे दफन त्याने मानाने केले.

ग्रांसाँला धन गेले, मोराला धीर गेला आणि नान्सीला प्राण गेला, असे स्विस लोक चार्ल्सविषयी सांगतात.

चार्ल्सच्या मागे त्याची १९ वर्षांची मुलगी मेरी राहिली. लुईने ताबडतोब बर्गंडी प्रांत घेतला. उत्तरेकडील शहरांनी मेरीला साथ दिली, पण त्याआधी तिच्याकडून ११ फेब्रुवारी १४७७ रोजी एक सनद लिहून घेतली. प्रतिनिधींना विचारल्याशिवाय युद्ध करायचे नाही, नवे कर बसवायचे नाहीत आणि लोकांशी कारभार त्यांच्याच भाषेत करायचा, अशी कलमे त्या सनदेत होती. बापाने जे लोकांना विचारले नाही, ते मुलीला विचारावे लागले. त्याच वर्षी तिने सम्राटाचा मुलगा माक्सिमिलियन याच्याशी लग्न केले. इ. स. १४८२ मध्ये घोड्यावरून पडून ती वारली. तिचा नातू पाचवा चार्ल्स पुढे सम्राट झाला. त्याने इ. स. १५५० मध्ये आपल्या पणजोबाचे अवशेष ब्रूज येथे आणवले. तिथल्या चर्चमध्ये बापलेकीच्या कबरी आजही शेजारीशेजारी आहेत.

मित्रांनो, चार्ल्सकडे पैसा होता, तोफा होत्या, धाडस होते आणि कष्ट करण्याची तयारीही होती. मग तो का हरला? त्याने एकाच वेळी अनेकांशी वैर धरले. त्याच्या सुभेदाराने प्रजेला छळले, तरी त्याने लक्ष दिले नाही. दिलेल्या शब्दाची त्याने किंमत ठेवली नाही. राजाचा मुकुट मिळवायला निघालेल्या चार्ल्सला शेवटी ड्यूकचा मुलूखही राखता आला नाही. मराठीत एक म्हण आहे : तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले.

आणि राजा लुई? ग्रांसाँ, मोरा आणि नान्सी यांपैकी एकाही लढाईत तो उतरला नाही, पण सर्वांत मोठा वाटा त्याच्याच पदरात पडला. रक्त सांडले ते डोंगरातल्या शेतकऱ्यांचे आणि पगारी शिपायांचे. युद्धाची कोणतीही हकिकत वाचताना हे दोन प्रश्न स्वतःला विचारत जा : लढले कोण? आणि मिळाले कोणाला?

शब्दार्थ

बलाढ्य – फार शक्तिमान
हातमिळवणी करणे – एकत्र येणे, मैत्री करणे
फितुरी – शत्रूला आतून मिळणे
खालोखाल – लगेच खालच्या दर्जाचा
फूस देणे – छुपी चिथावणी देणे
नड – अडचण, गरज
समेट – भांडण मिटवणे
सनद – हक्क देणारा लेखी कागद
धुपाटणे – धूप जाळण्याचे भांडे

वाक्प्रचार

मीठ खाणे – एखाद्याच्या आश्रयाने राहणे
वाऱ्यावर सोडणे – संकटात एकटे टाकणे
पदरात पडणे – वाट्याला येणे
कात्रीत सापडणे – दोन्ही बाजूंनी अडचणीत येणे
हसे होणे – लोकांत फजिती होणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ड्यूकने राजाला कोणती शपथ द्यावी लागे?
(आ) लोक राजा लुईला 'कोळी' का म्हणत?
(इ) ट्रिअर शहरात चार्ल्सला काय मिळाले नाही?
(ई) चार्ल्सचे प्रेत कशावरून ओळखले?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) लोरेन व अल्सास आपल्याला मिळावेत, असे चार्ल्सला वाटे; कारण...
(आ) ग्रांसाँनंतर स्विस लोकांची भीती गेली; कारण...
(इ) फ्लँडर्सच्या शहरांनी चार्ल्सला पैसा दिला नाही, कारण...

प्रश्न ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पेरॉनच्या प्रसंगात राजा आणि ड्यूक दोघेही खोटे कसे ठरले?
(आ) हागेनबाखचा बचाव न्यायाधीशांनी मानला नाही. तुम्ही न्यायाधीश असता तर काय केले असते? का?
(इ) चार्ल्सच्या सनदी कारभारात आणि मेरीच्या सनदेत काय फरक दिसतो?

प्रश्न ४. कोण ते लिहा.
(अ) मोरा गाव झुंजवत ठेवणारा किल्लेदार.
(आ) शत्रूचे मानाने दफन करणारा ड्यूक.
(इ) न लढताच परत फिरलेला राजा.

भाषाभ्यास

फौज, खजिना, मुलूख, शिपाई, किल्ला, सुभेदार हे शब्द मराठीत आहेत आणि उर्दूतही आहेत. त्यांचे अर्थ दोन्ही भाषांत जवळजवळ सारखे आहेत. पण काही शब्द फसवे असतात. ते नीट पाहा.

किताब – उर्दूत पुस्तक. मराठीत पदवी किंवा मान.
शिकस्त – उर्दूत पराभव. मराठीत 'शिकस्त करणे' म्हणजे फार मोठा प्रयत्न करणे.
खून – उर्दूत रक्त. मराठीत एखाद्याला ठार मारणे.
हकिकत – उर्दूत सत्य. मराठीत घडलेल्या गोष्टीचा वृत्तान्त.

(अ) वरील चारही शब्द मराठी अर्थाने वापरून एकेक वाक्य लिहा.
(आ) यांपैकी जे शब्द पाठात आले आहेत, ती वाक्ये शोधून वहीत उतरवा.
(इ) पुढील वाक्य वाचा : 'चार्ल्स इथेच थांबला असता, तर त्याचे राज्य कदाचित टिकले असते.' अशा रचनेची तीन वाक्ये स्वतः तयार करा.

उपक्रम

युरोपचा नकाशा काढून त्यात दिजाँ, ब्रूज, नान्सी, स्ट्रासबर्ग आणि बर्न ही शहरे दाखवा. दोन मुलूख आणि मधली खोली वेगवेगळ्या रंगांनी रंगवा. नकाशा वर्गात लावून चार्ल्सची अडचण आपल्या मित्रांना मराठीत समजावून सांगा.